उपसा

गेल्या शनिवारी दुपारी, इंग्लंडमधील स्टोक ब्रुअर्न या गावी, एका सद्गृहस्थांनी माझ्या बादलीत एक पौंडाचे नाणे टाकले. मी भीक मागत नव्हतो, स्वतःच्या मालकीच्या बोटीच्या तळातील पाणी पातेल्याने उपसत होतो. हे दोन्ही उद्योग लांबून सारखे दिसत असतील तर तो माझा दोष नाही, असे मी तेव्हापासून घरात सर्वांना सांगत आहे आणि घरात कोणीही ते मान्य करत नाही.

बोट 1972 सालची, लोखंडी, 57 फूट लांब आणि जेमतेम 7 फूट रुंद आहे. विकणाऱ्याने ती 'आतून ठणठणीत कोरडी' असल्याचे सांगितले होते, आणि ज्या दिवशी मी ती पाहिली त्या दिवशी ती खरोखरच कोरडी होती, कारण ती दुरुस्तीसाठी जमिनीवर उचलून ठेवलेली होती.

बोटीचा पंखा फिरवणारा दांडा मागच्या बाजूने पाण्यात जातो, आणि दांडा जिथून बाहेर जातो तिथून पाणी आत येऊ पाहणारच. ते अडवण्यासाठी दांड्याभोवती ग्रीस मुरलेली दोरी ठासून भरतात. शेतावरच्या पंपाला जी ग्लँडची दोरी असते, तिचीच ही इंग्रज बहीण. ती फार आवळली तर दांडा तापतो, सैल सोडली तर धार लागते, म्हणून इंजिन चालू असताना चार थेंब गळणे हेच प्रकृती ठीक असल्याचे लक्षण मानले जाते. दिवसाचा प्रवास संपला की ग्रीसच्या पितळी नळकांड्याची मूठ एखादा फेरा पिळायची, की ते थेंबही थांबतात. शुक्रवारी रात्री मी ती पिळायला विसरलो. एवढा गुन्हा मी कबूल करतो.

परंतु अशा विसराळू माणसांसाठीच तळात स्वयंचलित पंप बसवलेला असतो. आमचा पंप तळहाताएवढा असून तो थेट बॅटरीला जोडलेला आहे. पाणी चढले की एक तरंगता स्विच उचलला जातो आणि पंप सुरू होतो. त्याला एक खोड होती. पंप थांबला की नळीत राहिलेले पाणी परत तळात उतरायचे, त्याने स्विच पुन्हा उचलला जायचा, पंप पुन्हा गुरगुरायचा, आणि तेच तांब्याभर पाणी रात्रभर वर-खाली करत पहाटेपर्यंत बॅटरी झोपायची. यावर उपाय म्हणून मी गेल्या आठवड्यात नळीत एकदिशा व्हॉल्व्ह बसवला. पाणी खाली येणे बंद झाले. शनिवारी कळले की ते वर जाणेही बंद झाले होते. पंप गुणगुणत होता, बाहेर थेंब नव्हता, आणि दांड्याखालच्या खणात वीतभर पाणी साचले होते.

आता स्टोक ब्रुअर्नविषयी. ग्रँड युनियन कालव्यावर सात लॉकची, म्हणजे बोटींना पाण्यासकट वर-खाली नेणाऱ्या दारबंद पायऱ्यांची, चढण संपते तिथे हे गाव आहे, आणि काठावरच कालव्यांचे संग्रहालय आहे. 1963 पासून लोक तिथे जुने बोटकरी कसे जगत हे पाहायला येतात आणि हातात आइस्क्रीम घेऊन कालव्यावर काम करणाऱ्या माणसांकडे टक लावून उभे राहतात. अशा बघ्यांना इथे 'गॉन्गूझलर' म्हणतात. 1904 सालच्या कालव्यांच्या एका मार्गदर्शिकेत हा शब्द अर्थासकट छापलेला आहे, म्हणजे माझ्या आधीच्या किमान चार पिढ्या याच नजरांखाली घामाघूम झालेल्या आहेत.

आमचे सद्गृहस्थ घडीची खुर्ची, थर्मास आणि एक नातू घेऊन आले होते. त्यांनी खुर्ची प्रथम दहा पावलांवर मांडली, मग पाच, मग दोन.

"माफ करा, आपली बोट बुडते आहे का?"

"नाही."

"मग हे पाणी?"

"ते आत होते. मी ते बाहेर काढतो आहे."

"म्हणजे ते आत शिरले होते."

यावर देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते. त्यांनी चहा ओतून घेतला आणि बुडालीच तर फक्त उभे राहा, कालवा कमरेएवढाच आहे, असा धीर दिला. मग पाण्यावरचा तवंग त्यांच्या नजरेस पडला. हे तेल असेल तर कालव्यात टाकणे गुन्हा आहे, असे ते म्हणाले. इंजिनाचे तेल वेगळ्या खणात राहते, हे केवळ ग्रीस आहे, असे मी सांगितले. "ग्रीस हेही तेलच," ते म्हणाले. ते बरोबर होते, आणि याचाच मला अधिक राग आला. म्हणून मी पाणी बादलीत भरू लागलो आणि खणात तेल टिपणारी गादी त्यांच्या देखरेखीखाली पंधरा मिनिटे तरंगत ठेवली. दरम्यान ते नातवाला सांगत होते, "पूर्वी लाकडी बोटी असत, त्यांच्या तळाला एल्मच्या फळ्या असत. बोटकरी असेच उपसत असत. बघ, किती हुबेहूब करून दाखवतात!" नातवाने विचारले, "हे काका संग्रहालयाचे आहेत का?" आजोबांनी माझ्याकडे निरखून पाहिले, मान डोलावली, आणि नाणे टाकले.

नंतर आवाज किंचित वाढवून, अडाण्याशी बोलावे तसे सावकाश, त्यांनी मला विचारले, "तुमच्याकडे कालवे असतात का?" मी सांगली जिल्ह्यातला आहे. आमच्याकडे म्हैसाळ आणि ताकारीच्या उपसा योजना कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने चढवून दुष्काळी तालुक्यांत नेतात, आणि मी येथे वीतभर पाणी तीन फूट चढवू शकत नव्हतो. हे इंग्रजीत सांगण्याजोगे नव्हते. मी वडिलांना फोन लावला.

"अण्णा, मोटर फिरतेय, पण पाणी उचलत नाही."

"हवा धरली आसंल. नळीत काय बसवलंयस?"

मी व्हॉल्व्हचे सांगितले. अण्णा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. पंपाच्या डोक्यात हवा अडकली आहे, वर व्हॉल्व्हवर पाणी बसले आहे, हवेला ते ढकलवत नाही, तेव्हा नळी सोड, हवा जाऊ दे, आणि तो व्हॉल्व्ह फेकून दे, असा त्यांच्या बोलण्याचा सारांश होता. जाता जाता त्यांनी "किती एचपीची हाय?" असे विचारले. बारा व्होल्ट, तीन अँपिअर, म्हणजे 36 वॅट. एका अश्वशक्तीचा विसावा भागसुद्धा नाही. हे ऐकून अण्णांनी फोन आईकडे दिला.

मी नळी सोडली. पंपाने एक ढेकर दिली आणि पहिली चूळ माझ्या शर्टावर टाकली. व्हॉल्व्ह काढून नळी जागेवर बसवताच बाजूच्या भोकातून स्वच्छ धार कालव्यात पडू लागली. काठावर टाळ्या झाल्या. सद्गृहस्थ शेजारच्या बाईंना म्हणाले, "मी त्यांना मघाशीच सांगितले होते." त्यांनी असे काहीही सांगितले नव्हते. ते फक्त 'ग्रीस हेही तेलच' म्हणाले होते, आणि त्याचा हवेशी काडीचाही संबंध नाही. हे मी तेव्हाच बोलायला हवे होते, परंतु त्या वेळी मी शर्ट पिळत होतो.

उरला प्रश्न नाण्याचा. ते ग्रीसच्या पाण्याखाली बादलीच्या तळाशी होते. स्वाभिमानी माणसाने त्याकडे ढुंकून पाहू नये, पण व्हॉल्व्ह नऊ पौंडांचा होता. मी अंधार पडेपर्यंत थांबलो, काठावर कोणी नाही याची खात्री करून घेतली, आणि कोपरापर्यंत हात घातला. पलीकडच्या काठावरील पबच्या बाकावरून कोणीतरी माझ्या दिशेने पेला उंचावला. त्याच्या शेजारी घडीची खुर्ची टेकवून ठेवलेली होती.