उत्तर सगळ्यांचं एकच, मग तुलना कशाची? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. व्हिडिओ पोकर म्हणजे मशीनशी खेळायचा पत्त्यांचा खेळ: मशीन पाच पत्ते वाटतं, नको ते एकदा बदलून घ्यायचे, आणि शेवटी जो हात बनेल त्याला ठरलेले पैसे मिळतात. त्याचा सराव करून घेणाऱ्या आणि त्याचं गणित मांडणाऱ्या सॉफ्टवेअरची तुलना तुम्हाला पटलेली नाही. तुमचं म्हणणं असं: सगळे प्रोग्रॅम एकच उत्तर देतात, मग तुलना करण्यासारखं उरतं काय? दुसरे प्रोग्रॅम फुकट मिळत असताना विंडोजवरच्या जुन्या विनपोकरचं कौतुक कशाला? ९९.५४ टक्के परतावा, म्हणजे लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी ९९.५४ परत, हा आकडा दाखवून मी वाचकाला भुलवतोय. आणि शेवटचं, सगळ्यात टोकदार: सांगली-मिरजेतली पोरं मोबाइलवरच्या पैशांच्या खेळात घरदार बुडवत असताना, संख्याशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने मराठीत हे लिहावंच कशाला? तुम्ही तळमळीने लिहिलंय, त्यामुळे मीही हातचं राखून लिहिणार नाही.

उत्तर एकच येतं, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. ते तसंच यायला हवं. बावन्न पत्त्यांतून पाच पत्त्यांचे २५,९८,९६० हात होतात. बदाम, इस्पिक, किलवर, चौकट यांची आपसात अदलाबदल केली तरी फरक पडत नाही असे हात एकत्र धरले की १,३४,४५९ उरतात. प्रत्येक हातातले कोणते पत्ते ठेवायचे आणि कोणते टाकायचे, याचे ३२ पर्याय. हे सगळं मोजून काढणं आज घरच्या संगणकाला जड नाही. त्यात मताचा किंवा अंदाजाचा प्रश्नच येत नाही. म्हणून विनपोकर घ्या, डॅन पेमर यांचं ऑप्टिमम व्हिडिओ पोकर घ्या, जिम वुल्फ यांचं फ्रुगल व्हिडिओ पोकर घ्या, नाहीतर मायकल शॅकलफर्ड यांच्या विझर्ड ऑफ ऑड्सवरचा फुकटचा कॅल्क्युलेटर घ्या. ९/६ जॅक्स ऑर बेटर, म्हणजे गुलामाच्या किंवा त्याहून मोठ्या जोडीपासून पैसे देणारा, आणि एका नाण्यामागे फुल हाउसला (तीन सारखे पत्ते आणि एक जोडी) ९ आणि फ्लशला (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) ६ देणारा खेळ, सगळीकडे ९९.५४ टक्क्यांवरच येतो. एखाद्याकडे वेगळा आकडा आला तर तो प्रोग्रॅम बिघडलेला समजावा.

पण मी तुलना उत्तराची केलीच नव्हती. माणूस चुकला की प्रोग्रॅम त्याला काय सांगतो, याची केली होती. लेखात हा मुद्दा दोन ओळींत आला होता, इथे एक हात उलगडून दाखवतो.

इस्पिकची छक्की, बदामची छक्की, चौकटचा एक्का, किलवरची नव्वी, इस्पिकची तिर्री. काय ठेवाल? माझ्याकडे शिकायला येणारी बहुतेक मुलं दोन छक्क्या आणि एक्का ठेवतात. दिवाळीत आणि गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती खेळून ही सवय लागलेली असते. तिथे समोरच्याकडेही छक्क्यांचीच जोडी निघाली तर मागचा एक्का डाव मारून नेतो. व्हिडिओ पोकरमध्ये समोर कुणीच नसतं. समोर असतं ते फक्त पे-टेबल, म्हणजे कोणत्या हाताला किती मिळतं याचा तक्ता, आणि त्यात छक्क्यांच्या जोडीला काहीच मिळत नाही, मागे एक्का असो वा दुर्री.

नुसती जोडी ठेवून तीन पत्ते मागवले तर ते १६,२१५ प्रकारे येऊ शकतात. त्यांपैकी १,८५४ वेळा तीन छक्क्या होतात, म्हणजे ११.४ टक्के. एक्का धरून दोनच पत्ते मागवले तर शक्यता १,०८१, आणि तीन छक्क्या होतात फक्त ८४ वेळा, म्हणजे ७.८ टक्के. दोन जोड्या होण्याचं प्रमाण एक्क्यामुळे किंचित वाढतं, १६ टक्क्यांवरून १७.२ वर जातं. मुलांना ते वाढलेलंच तेवढं दिसतं. सगळं जमेला धरलं तर नुसत्या जोडीचं अपेक्षित मूल्य, म्हणजे सरासरी परत मिळणारी रक्कम, एका नाण्यामागे ०.८२४ आणि एक्क्यासकट ०.६७५. म्हणजे एक्क्याच्या मोहाला रुपयाच्या नाण्यामागे जवळपास १५ पैसे पडतात.

आता प्रोग्रॅमकडे वळू. एक प्रोग्रॅम ‘चूक’ म्हणून लाल अक्षरं दाखवतो आणि पुढचा हात वाटतो. दुसरा सगळे पर्याय त्यांच्या मूल्यांसह एकाखाली एक मांडतो, त्यात ०.८२४ आणि ०.६७५ शेजारी शेजारी दिसतात. आपल्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला माल घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला अडत्या नुसतं ‘माल हलका आहे’ म्हणाला तर तो पुढच्या वर्षी तसाच माल आणेल. ओलावा इतका, म्हणून क्विंटलमागे इतके रुपये कमी, असं सांगितलं तर तो घरी जाऊन वाळवणाकडे बघेल. विनपोकरचं मी कौतुक केलं ते एवढ्यासाठी. दिसायला ते खरंच जुनाट आहे, पण चुकीची किंमत ते समोर मांडतं.

किंमत न सांगणाऱ्या प्रोग्रॅमचा आणखी एक तोटा आहे, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. ते शेवटी गुणपत्रक देतात: शंभरपैकी ९८ हात बरोबर. पण त्या दोन चुका कुठल्या? समजा बदामचे एक्का, राजा, राणी, गुलाम आणि बदामचीच चव्वी आली. पाचही बदाम, म्हणजे फ्लश तयार आहे, नाण्यामागे ६ हमखास. चव्वी टाकून बदामच्या दश्शीची वाट बघायची तर ४७ पत्त्यांत ती एकच आहे. तरीही टाकायचीच. पाच नाणी लावली असतील तर दश्शी आल्यावर होणाऱ्या रॉयल फ्लशला नाण्यामागे ८०० मिळतात. त्यात दुसरा बदाम, दुसरी दश्शी किंवा मोठी जोडी येण्याच्या शक्यता मिळवल्या की या पर्यायाचं मूल्य १८.४३ होतं. तयार फ्लश धरून ठेवणारा एका हातात नाण्यामागे १२.४३ सोडून देतो. छक्क्यांमागे एक्का ठेवण्याच्या चुकीच्या ही चूक साधारण ८४ पट आहे. गुणपत्रकात दोन्ही एकेकच मोजल्या जातात! असा हात क्वचित येतो आणि छोट्या जोड्या सारख्या येतात, हे मान्य. पण म्हणूनच चूक किती वेळा होते आणि दर वेळी कितीला पडते, हे दोन्ही दिसलं पाहिजे. नुसती टक्केवारी यातलं काहीच सांगत नाही.

बॉब डॅन्सर यांच्या व्हिडिओ पोकर फॉर विनर्स या प्रोग्रॅमला मी क्रमवारीत खाली का ठेवलं, असंही तुम्ही विचारलंय. त्याचा पडदा कसिनोतल्या मशीनसारखा दिसतो, आणि जो खरंच तिथे जाऊन बसणार आहे त्याला ते सोयीचं आहे. मला हवं होतं ते शिकण्याचं साधन. तिथे दिव्यांचा झगमगाट आणि नाण्यांचा आवाज माझ्या मते आड येतो, विशेषतः तरुण मुलांच्या.

फुकट की विकत, यावर फार लिहीत नाही. मोबाइल किंवा ब्राउझरवर काम भागवायचं असेल तर विझर्ड ऑफ ऑड्स पुरेसं आहे, तिथेही चुकीच्या खेळीला सूचना मिळते. लेखातही मी तेच लिहिलं होतं. मला यातल्या कुणाकडून एक पैसाही मिळत नाही.

आता ९९.५४. हा आकडा भुलवतो असं तुम्ही म्हणता. आकडा खोटा नाही, पण नुसता आकडा सांगून थांबणं धोक्याचं आहे, इथवर मी तुमच्या बाजूचा आहे. म्हणून तो रुपयांत मांडतो. समजा नाणं १० रुपयांचं, दर हाताला पाच नाणी, तासाला ५०० हात. तासाभरात २५,००० रुपये मशीनमधून फिरले. ९/६ च्या खेळात एकही चूक न करणाऱ्याचं त्यातून सरासरी ११५ रुपयांचं नुकसान. फुल हाउसला ८ आणि फ्लशला ५ देणाऱ्या मशीनवर परतावा ९७.३० टक्के, नुकसान ६७५ रुपये. ६/५ वर परतावा ९५ टक्के, नुकसान १,२५० रुपये. मशीन तेच, पत्ते तेच, पे-टेबलवरचे फक्त दोन आकडे बदललेले.

आता याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवा. शॅकलफर्ड यांची सोपी खेळपद्धत ९/६ वर ९९.४६ टक्के देते. टाकलेल्या पत्त्यांचे बारकावे धरून केलेली परिपूर्ण खेळी देते ९९.५४. फरक तासाला २० रुपयांचा. सराव करणारी मंडळी या वीस रुपयांसाठी आठवडे घालवतात आणि मशीनवरचे दोन आकडे न वाचता साडेपाचशे ते अकराशे रुपये सोडून देतात. म्हणूनच सराव करून घेणाऱ्या भागापेक्षा विश्लेषणाचा भाग मला मोलाचा वाटतो. ज्या प्रोग्रॅममध्ये पे-टेबलचे आकडे आपल्याला बदलता येत नाहीत, त्याला मी वरचा क्रमांक देणार नाही, मग तो दिसायला कितीही देखणा असो.

आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूने. त्या ९९.५४ मध्ये जवळपास २ टक्के वाटा एकट्या रॉयल फ्लशचा आहे, आणि तो सरासरी ४०,००० हातांत एकदा लागतो. तासाला ५०० हात धरले तर ८० तास. या खेळात रॉयलचे मिळतात ४०,००० रुपये. तोवर उरलेल्या हातांवर सरासरी ४९,००० गेलेले असतात. हीसुद्धा सरासरीच. ४०,००० हात खेळूनही एकही रॉयल न लागण्याची शक्यता ३७ टक्के आहे. तासाचं अपेक्षित नुकसान ११५ रुपये असलं तरी एका तासाचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीच्या आजूबाजूचा नेहमीचा चढउतार, ५,००० रुपयांच्या घरात जातं. म्हणजे दोन-चार तासांत जिंकलेला माणूस कुशल आहे की नाही, हे त्याच्या खिशावरून ठरवता येत नाही. हरलेल्याचंही तसंच. माझ्या मते प्रत्येक सराव-प्रोग्रॅमने बरोबर उत्तरांच्या संख्येआधी हा चढउतार दाखवायला हवा.

‘हे गणित आपल्याकडच्या ॲपला लागू पडतं का?’ हा तुमच्या संपूर्ण प्रतिक्रियेतला सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे. नाही पडत, निदान तसं धरून चालता येत नाही. यातला प्रत्येक प्रोग्रॅम एक गोष्ट गृहीत धरतो: बावन्न पत्ते नीट पिसलेले आहेत आणि प्रत्येक पत्ता येण्याची शक्यता सारखी आहे. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात तसा नियमच आहे. मशीनवर पत्ते दाखवले तर शक्यता खऱ्या पत्त्यांच्याच असल्या पाहिजेत. त्यामुळे तिथे पे-टेबल वाचलं की मशीनचा परतावा कळतो. हा नियम आणि तो तपासणारी यंत्रणा जिथे नाही, तिथे पे-टेबलवर ९ आणि ६ लिहिलेलं असूनही परतावा काहीही असू शकतो. मोबाइलवर टेलिग्रामच्या लिंकवरून आलेल्या ॲपवर ९९.५४ चा हिशोब चालवणारा मुलगा गणित बरोबर करतो आणि गृहीतकात फसतो. आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ साली बंदीचा कायदा केला आहे, त्यामुळे असं ॲप चालवणारा मुळातच कायद्याबाहेरचा. त्याने पत्ते नीट पिसले असतील, हे कुणाच्या भरवशावर मानायचं?

उरला शेवटचा आक्षेप. सांगलीच्या विश्रामबागेत माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या घरांतही तुम्ही म्हणता तसं घडलेलं मी पाहिलं आहे. गाडी विकली गेली, बहिणीचं लग्न पुढे ढकललं गेलं. ती मुलं मठ्ठ नव्हती. उलट, आपल्याला ‘पद्धत’ सापडली आहे अशी त्यांची खात्री होती, आणि ती खात्री त्यांना रोज थोडं थोडं जिंकलेल्या रकमेने दिली होती. अशा मुलाला ‘जुगार वाईट’ हे घरचे, शाळेतले, कीर्तनातले सगळे सांगून बसलेले असतात. ते ऐकून तो मान हलवतो आणि मोबाइल उघडतो. त्याच्या पद्धतीची किंमत कुणी आकड्यात मांडून दाखवलेली नसते. एका पैशाचाही धोका न पत्करता, त्याच्याच हाताने हजार हात खेळवून ती किंमत दाखवणारं साधन असेल तर त्याची ओळख मराठीत करून देणं मला माझं काम वाटतं. इंग्रजीत ही माहिती भरपूर आहे, पण ती वाचणाऱ्याला माझी गरज नाही.

यावर तुम्ही म्हणाल, एखादा उलटाच धडा घेईल आणि परिपूर्ण खेळी शिकून गोव्याला जाईल. जाऊ शकतो. परतावा शंभरावर जाणारे खेळही अस्तित्वात होते, हे मी लपवणार नाही. जुन्या पूर्ण पे-टेबलचा ड्यूसेस वाइल्ड, म्हणजे दुर्री कुठल्याही पत्त्याच्या जागी चालणारा प्रकार, १००.७६ टक्क्यांचा होता. पण तो मुलगा जाण्याआधी समोरच्या मशीनचं पे-टेबल प्रोग्रॅममध्ये भरून बघायला शिकलेला असेल, आणि ९५ दिसल्यावर तिथे बसायचं की नाही हे त्याला कुणी सांगायला लागणार नाही.

वर्गात हे दाखवता का, असं तुम्ही विचारलंत. दाखवतो, अपेक्षित मूल्य शिकवताना. आधी वहीवर छक्क्यांचा हात सोडवून घेतो, मग पडदा लावतो. तुम्ही मिरजेतच आहात, तर एखाद्या रविवारी सकाळी या. तुमच्या पुतण्याबद्दल लिहिलंत, त्यालाही घेऊन या. तो ज्या ॲपवर खेळत होता त्याचं पे-टेबल त्याला आठवत असेल तर लिहून आणायला सांगा, त्याच्यासमोरच भरून बघू.