मूठभर मीठ आणि दहा थेंब निळं

काल रात्री परत तोच फोटो आला. मासा वेगळा, घर वेगळं, पण टाकी तशीच निळीशार, शाईची दौत उपडी केल्यासारखी. तळाशी एक कोरी, म्हणजे कोरीडोरास, तळाला राहणारा मिशांचा छोटा मासा, कलंडलेली. पाठीवरच्या पराच्या बुडाशी राखाडी-पांढरा पट्टा, घोड्यावर खोगीर टाकावं तसा दोन्ही अंगांना उतरलेला. दुकानदाराने फोनवरच निकाल दिला होता: "फंगस आहे. मूठभर मीठ टाका, दहा थेंब निळं टाका, हीटर ३२ वर ठेवा."

फंगस नाहीये हो तो! फंगस कापसाच्या पुंजक्यासारखा वर उभा राहतो, त्याचे तंतू पाण्यात हलताना दिसतात. हा पट्टा सपाट आहे, कडेला पिवळट-लालसर रेघ आहे आणि एका दिवसात दुप्पट झालाय. हा कॉलमनॅरिस. जिवाणू आहे तो, आणि उबेत झपाट्याने पसरतो. त्याला ३२ अंशांचं पाणी देणं म्हणजे चुलीत लाकूड सारणं. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात, इचमध्ये, पाणी गरम करतात. ते कुठंतरी ऐकलेलं यांनी सगळ्याच रोगांना लावून टाकलं. वर ३२ अंशांच्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो, लिटरला जेमतेम ७.३ मिलिग्रॅम. २५ अंशांना तोच ८.२ असतो. मासा आजारी, कल्ले सुजलेले, आणि आपण त्याचा श्वास आणखी तोडतोय.

आता मूठभर मीठ. मूठ कुणाची? टाकी किती लिटरची? दोन फुटी टाकी म्हणजे २ × १ × १ फूट, काठोकाठ भरली तर साधारण ५६ लिटर. वाळू, दगड, वरची रिकामी जागा वजा केली की हातात ४५ लिटर पाणी उरतं. औषधाचा हिशोब ४५ वर करायचा असतो, डब्यावर छापलेल्या आकड्यावर नाही. आणि मीठ टाकायचं कुठे? यांनी वरून भुरभुरलं. जाड मीठ विरघळायच्या आधी तळाला जातं, आणि तळाला कोण बसलंय? कोरीला खवले नसतात. दोन्ही कुशींना हाडाच्या पट्ट्यांच्या दोन-दोन ओळी असतात, पण पोट उघडं, नुसती कातडी. फोटो मोठा करून पाहिला तर पोटाखाली तीन खडे पडलेले दिसतात आणि त्यांच्या बाजूची कातडी लाल झालीय. आधी रोगाचा पट्टा, वर हा चटका.

मीठ वाईट नाही. लिटरला १ ग्रॅम, वजन काट्यावर मोजून, वेगळ्या भांड्यात पूर्ण विरघळवून, दिवसभरात तीन हप्त्यांत, आणि तेही वेगळ्या टबात. एवढं सांगायला किती वेळ लागतो?

निळं औषध म्हणजे मेथिलीन ब्लू. नायट्राइटची विषबाधा झाली तर त्याचा उपयोग आहे, अंड्यांवरच्या बुरशीला आहे. कॉलमनॅरिसला त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. आणि मुख्य टाकीत टाकलं की फिल्टरमधले चांगले जिवाणू मारतं. ते मेले की दोन-तीन दिवसांत अमोनिया चढतो. मग मासा आणखी हाफतो, मग पुन्हा दुकानात जायचं, मग "आणखी पाच थेंब टाका". थेंब हे माप आहे का? एका बाटलीतलं एक टक्का, दुसरीतलं पाच टक्के, ड्रॉपरचं भोक प्रत्येकाचं वेगळं. सुई काढलेली सिरिंज औषधाच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मिळते. मिलिलिटरमध्ये सांगा ना.

आणि आधी पाणी तपासायला कुणी सांगितलं? कुणीही नाही! अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच. पहिले दोन शून्यच हवेत, नायट्रेट लिटरला २०-३० मिलिग्रॅमच्या आत. पीएच का विचारायचा? ७ पीएचला एकूण अमोनियापैकी अर्धा-पाऊण टक्काच जहरी रूपात असतो, ८ ला तोच पाच टक्क्यांवर जातो. पाणी तपासायच्या किटवर रंग तोच, विष दहापट. बोअरचं जड, चढ्या पीएचचं पाणी वापरणाऱ्यांना हे माहीत नसेल तर ते आयुष्यभर "मासे टिकत नाहीत आमच्याकडे" म्हणत बसणार.

मिशा बघा म्हणून किती वेळा सांगायचं! कोरीचा आजार पाठीवर दिसायच्या कितीतरी आधी मिशांवर दिसतो. निरोगी मिशा लांब, टोकाला निमुळत्या, सतत वाळूत काहीतरी चाचपणाऱ्या. आखूड, बोथट, टोकाला लाल झाल्या की समजायचं तळ घाण आहे. तळाच्या गाळात जिवाणू माजतात आणि मासा दिवसभर त्यातच तोंड घालून असतो. बूड शाबूत असेल तर मिशा परत येतात, पण तळ स्वच्छ झाला तरच. आणि मग विकतात काय, तर ते रंगीत खडे! निळे, गुलाबी, काचेसारख्या कडांचे. अन्न त्यांच्या फटीत जातं, तिथेच कुजतं, आणि मासा ते काढायला तोंड घासतो. बारीक गुळगुळीत वाळू घाला, दोन इंचांहून जास्त नको, आठवड्याला सायफन, म्हणजे नळीने तळाचा गाळ ओढून काढा.

"टाकी साफ करणारा मासा" हे शब्द तर कानावर पडले तरी डोकं फिरतं. कोरी कुणाची घाण खात नाही. तिला बुडणाऱ्या गोळ्या लागतात, दिवे मालवल्यावर, आणि दोन तासांत उरलेलं काढायचं. ती एकटी विकायचीच नाही, सहा तरी हव्यात. आणि त्याच आवाजात सकर, म्हणजे काचेला तोंडाने चिकटणारा मासा, विकतात, दोन इंचांचा, जो फुटापेक्षा मोठा होतो आणि मग लोक नदीत सोडतात. आज देशातल्या कितीतरी तलावांत तो माजलाय.

टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून टाका म्हणणारे वेगळेच. जड पाण्यातलं कॅल्शियम ते औषध धरून ठेवतं, उजेडात ते नासतं, पाण्यावर फेस येतो, आणि माशाला मिळतं काय? रंगीत पाणी. अँटिबायोटिक लागतंच कॉलमनॅरिसला, पण ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंवर (कॉलमनॅरिस त्याच गटातला) चालणारं, माशांचं कळणाऱ्या पशुवैद्याला विचारून, पूर्ण कोर्स.

चिडून काय होणार, त्या माशाला आज रात्र काढायची आहे. म्हणून ज्यांची टाकी निळी आहे त्यांच्यासाठी.

हीटर बंद करा, पण पाणी एकदम गार करू नका, दोन तासांना एक अंश, २४-२५ पर्यंत. वीस लिटरचा प्लास्टिकचा टब घ्या, साबण न लागलेला. क्लोरीन काढलेलं पाणी, एअर पंप, स्पंज फिल्टर. स्पंज दुसऱ्या चालू, औषध न पडलेल्या टाकीतला मिळाला तर उत्तम, त्यात चांगले जिवाणू तयार असतात. नाहीतर रोज अमोनिया मोजायचा आणि रोज एक तृतीयांश पाणी बदलायचं, त्याच तापमानाचं, बदललेल्या पाण्यापुरतंच मीठ घालून. रस्त्याकडेच्या देशी बदामाचं गळलेलं तपकिरी पान धुऊन एक टाका, गटाराकाठचं किंवा फवारणी झालेल्या झाडाचं नको. त्याने रोग बरा होत नाही, पण पाणी मऊ-अंधारं झालं की मासा शांत राहतो.

मासा जाळ्याने काढू नका! छातीच्या परांचा काटा जाळ्यात अडकतो, सोडवताना तुटतो. प्लास्टिकच्या डब्यात हळूच वळवून घ्या. मुख्य टाकीत अर्धं पाणी बदला, फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला म्हणजे निळं निघून येईल. टबातल्या फिल्टरमध्ये मात्र औषध चालू असेपर्यंत कार्बन नको, नाहीतर औषधच शोषून घेईल. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, बादलीत काढलेल्या टाकीच्या पाण्यात पिळा.

आणि श्वास मोजा. घड्याळ लावून एक मिनिट कल्ले किती वेळा हलतात ते मोजा, शेजारच्या निरोगी कोरीचे मोजा, दोन्ही लिहून ठेवा, सकाळ-संध्याकाळ. मधूनच वर झेप घेऊन हवा गिळणं हा तिचा स्वभावच आहे, ती आतड्यातून हवा घेते. पण दर मिनिटाला वर जात असेल तर पाण्यात गडबड आहे. वरचा पर पुन्हा उभा राहिला, पट्ट्याची कड पसरायची थांबली, की दोन दिवसांनी खाण्याची एक गोळी द्या.

"साठ रुपयांचा मासा, मेला तर दुसरा घ्या" असंही काल त्यांना सांगितलं म्हणे. नीट ठेवली तर कोरी दहा वर्षं जगते. फोटोतली अजून एक वर्षाचीही नाही.