लेखन केंद्र म्हणजे शुद्धलेखनाचं दुकान नव्हे

‘पीएचडीपर्यंत पोचलेल्याला लेखन केंद्राची गरज पडावी, म्हणजे त्याची भाषाच कच्ची’ हे लेखन केंद्रांवरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. लेखन केंद्र म्हणजे विद्यापीठातली अशी जागा, जिथे आपलं लिखाण घेऊन जायचं आणि त्यावर कोणाशी तरी बोलायचं. बहुतेक केंद्रं मुद्रितशोधन करून देतच नाहीत. केंद्राचं काम लिखाण सुधारणं नसून लिहिणारा घडवणं आहे, हे अमेरिकी अभ्यासक स्टीफन नॉर्थ यांनी १९८४ सालीच मांडलंय. मी पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचं प्रकरण घेऊन गेले, तेव्हा माझं लिखाण बघणारी केंद्रातली मुलगी भलत्याच विषयातली होती. तिने एकाही स्वल्पविरामाला हात लावला नाही. फक्त विचारलं, "या सगळ्यात तुमचं म्हणणं कुठलं?" मार्गदर्शकांना विषय इतका पाठ असतो की मधल्या गाळलेल्या जागा ते मनातल्या मनात भरून घेतात. परका वाचक नेमका तिथेच अडखळतो.

आणि एकत्र बसून लिहिणाऱ्या गटांचा तर लेखात उल्लेखही नाही! कोर्सवर्क संपलं की संशोधकाला ना वेळापत्रक उरतं, ना वर्गमित्र. आमच्या गटात २५ मिनिटं गप्प लिहायचं, ५ मिनिटं कुरकुर करायची, पुन्हा लिहायचं, एवढंच चालतं. कोणी कोणाचं वाचतही नाही. तरी ‘या आठवड्यात अमुक भाग संपवणार’ असं चारचौघांत बोलून गेलं की टाळणं जड जातं. तक्रार करायचीच तर वेळांची करा: ही सत्रं बहुधा भरदुपारी ठेवतात, नोकरी सांभाळून संशोधन करणाऱ्यांनी यायचं कधी?