समईला पासष्ट मिनिटं, गणिताला पंचवीस मिनिटं

उपयोजित गणित आणि तंत्रज्ञान यावरची आमच्या कॉलेजातली दोन दिवसांची संशोधन कार्यशाळा काल संपली आणि माझं डोकं अजून ठणकतंय. अठरा वर्षं गणित शिकवतोय. दरवर्षी हेच बघतोय. आता सहन होत नाही.

पाहुणे रात्रभर एसटीने प्रवास करून पहाटे उतरले. दीड तासाचं सत्र होतं त्यांचं. पण दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मग अध्यक्षांचं लांबलेलं भाषण. पाहुण्यांच्या हातात माइक आला तेव्हा उरली होती पंचवीस मिनिटं! रात्रीची झोप मोडून आलेल्या माणसाला ही वागणूक?

आणि विषय काय सुंदर होता! फोटो कमी आकड्यांत कसा साठवायचा. ५१२ बाय ५१२चा कृष्णधवल फोटो म्हणजे २,६२,१४४ आकड्यांचं मॅट्रिक्स, चौकोनी तक्ताच. त्याचं सिंग्युलर व्हॅल्यू डिकंपोझिशन करायचं, म्हणजे तक्ता साध्या थरांत फोडायचा; प्रत्येक थराचं वजन सांगणारा आकडा म्हणजे त्याची व्हॅल्यू. सगळ्यात मोठ्या पन्नास व्हॅल्यू आणि प्रत्येकीसोबतच्या ५१२ आकड्यांच्या दोन ओळी ठेवायच्या, की ५१,२५० आकड्यांत भागतं. जेमतेम पाचवा हिस्सा, तरी चेहरा ओळखू येतो. पन्नासाच्या वीस केल्या की कडा कशा विरतात, पाच केल्या की काय उरतं, हे पोरांनी स्वतःच्या हाताने करून बघायचं होतं. ऑक्टेव्ह हे गणिताचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, कोड पाहुण्यांनी लिहून आणला होता. साठ कॉम्प्युटरची लॅब वरच्याच मजल्यावर. तिला कुलूप! का? तर लॅबमध्ये फोटोत बॅनर नीट येत नाही. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फाइलला जिओटॅग केलेले, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेले फोटो लागतात, म्हणून दोनशे पोरं लेक्चरं बुडवून सभागृहात कोंबली. वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये मुलांना खुर्चीवर बसवून टाळ्या वाजवायला लावतो का आपण?

सगळ्यात जास्त जळफळाट झाला तो एका स्लाइडपायी. आज जिला प्रॉपर ऑर्थोगोनल डिकंपोझिशन म्हणतात, त्या याच जातकुळीतल्या पद्धतीवर गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींनी १९४३ साली पेपर लिहिला. कारहुनेन आणि लोएव्ह, ज्या दोन गणितज्ञांच्या नावाने जगभर ही पद्धत शिकवतात, त्यांच्याही आधी. तेव्हा कोसंबी पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिकवत होते. कॉलेजातला मास्तर होता हो तो, आपल्यासारखा! आपल्या पोरांनी हे ऐकायला हवं होतं. स्लाइड तयार होती. तिथवर पोचूच दिलं नाही.

शेवटी दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने हात वर केला. ‘सर, किती व्हॅल्यू ठेवायच्या हे ठरवायचं कसं?’ अहो, संशोधन इथूनच सुरू होतं! दोन दिवसांत विचारला गेलेला हा एकमेव खरा प्रश्न. सूत्रसंचालकांनी तिला ‘वेळेअभावी’ म्हणून खाली बसवलं. त्यानंतर स्मृतिचिन्हं वाटायला मात्र पस्तीस मिनिटं होती. मी घड्याळ लावून मोजली.

दुसऱ्या दिवसाबद्दल लिहीत नाही. तोही असाच गेला. फीडबॅक फॉर्म भरल्याशिवाय सर्टिफिकेट नाही म्हटल्यावर पोरांनी सगळीकडे ‘उत्कृष्ट’ टिक केलं, आणि आता तोच कागद अहवालाला जोडणार.

पाहुण्यांचा कोड माझ्या पेनड्राइव्हमध्ये आहे. सोमवारी लेखी अर्ज देतोय. समई नको, बॅनर नको, चहासुद्धा नको. मला तीन तास लॅबची किल्ली द्या आणि त्या मुलीला वर पाठवा.