स्कूटर लागली, पण चावीआधी 30 हजार

नवी पेठेतल्या एका कापड दुकानाच्या दिवाळी सोडतीत माझ्या मावसभावाला स्कूटर लागली. किंमत एक लाख. दुकानदार म्हणतो, आधी कराचे 30 हजार भरा, मग चावी न्या. सोलापूरला घरात त्यावरून वाद पेटलाय आणि फॅमिली ग्रुपवरून तो रोज इथे न्यू जर्सीत माझ्या फोनवर येतो. मावशी म्हणते, चालून आलेल्या लक्ष्मीला नाही म्हणू नये. काका म्हणतात, आधी पैसे मागतात म्हणजे फसवाफसवी. धाकटा म्हणतो, दादा, भरून टाक, रिटर्न भरला की सगळे परत येतील. आणि मला विचारतात, तुमच्या अमेरिकेत काय करतात?

आधी काकांचं. दुकानदार कर मागतो म्हणून तो लबाड ठरत नाही. बक्षीस रोख नसून वस्तू असेल, तर त्यावरचा कर भरला गेलाय याची खात्री करूनच ती ताब्यात द्यावी, अशी आपल्याकडे कायद्यानेच आयोजकावर जबाबदारी टाकली आहे. पण काकांची शंका वायफळ नाही. ‘तुम्हाला कार लागली, टॅक्स पाठवा’ असले मेसेज करणारे याच नियमाचा आडोसा घेतात. फरक एकच: खरा कर विजेत्याच्या पॅनवर सरकारजमा होतो आणि आयकर खात्याच्या पोर्टलवर त्याच्या नावावर जमा दिसतो. कुणाच्या तरी खासगी यूपीआयवर मागितला, तर एक रुपयाही देऊ नये. दुकानदाराकडून कर भरल्याचं चलन आणि टीडीएसचा दाखला मागून घ्यावा.

धाकट्याचं मात्र साफ चुकतंय. ते पैसे परत येत नाहीत. सोडतीच्या बक्षिसावर सरसकट 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे 31.2 टक्के. एक लाखावर 31,200, म्हणजे दुकानदार मागतो त्या 30 हजारांवर उपकराचे आणखी 1,200. खर्चाची वजावट नाही, किमान सूट नाही, तुमचं बाकीचं उत्पन्न किती हेही कोणी विचारत नाही.

माझं खरं भांडण इथेच आहे. भाऊ अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लूमवर आहे, महिन्याला 18 हजार मिळतात. नव्या करप्रणालीत वर्षाला 12 लाख कमावणाऱ्यालाही रिबेटमुळे, म्हणजे करातल्या सवलतीमुळे, कर शून्य. तो रिबेट बक्षिसाला लागू नाही. म्हणजे महिन्याला लाख कमावणारा एक पैसा भरत नाही आणि लूमवरचा माणूस एका स्कूटरपायी जवळजवळ पावणेदोन महिन्यांचा पगार सरकारला देतो. जुगाराला चाप बसावा म्हणून दर कडक ठेवलाय असं कोणी म्हणेल. पण हा पोरांना कपडे घ्यायला गेला होता. बिलाबरोबर कूपन हातात पडलं. त्याने डाव कुठे लावला?

अमेरिकेतही बक्षीस म्हणजे उत्पन्नच. फक्त ते बाकीच्या कमाईत मिळवलं जातं आणि तुम्ही ज्या टप्प्यात असाल त्या दराने कर लागतो. कमाई कमी तर कर कमी. इथली खोट वेगळी. वस्तू बहुधा कर न कापता घरी येते आणि बिल उगवतं पुढच्या वर्षी, 15 एप्रिलपर्यंत. 2004 मध्ये टीव्हीवरच्या ओप्रा विन्फ्रेने आपल्या गप्पांच्या कार्यक्रमात 276 प्रेक्षकांना गाड्या दिल्या. तो जल्लोष जगाने पाहिला. नंतर कळलं की एकेकाला सात हजार डॉलरपर्यंत आयकर भरावा लागू शकतो. ज्यांच्याकडे तेवढे पैसे नव्हते त्यांच्यापुढे दोनच वाटा: गाडी विकायची, नाहीतर नाकारायची.

नाकारता येतं, हे आपल्याकडे कुणाच्या डोक्यातच येत नाही. माझ्या ऑफिसातल्या एका सहकारी बाईंना आठ हजार डॉलरची क्रूझ लागली. त्या 22 टक्क्यांच्या टप्प्यात, म्हणजे 1,760 डॉलर केंद्राचा कर, राज्याचा वेगळा. तिकीट दुसऱ्याला देता येत नव्हतं, विकता येत नव्हतं, तारखाही कंपनीच्या. त्यांनी स्वतःला विचारलं, ही सहल कोणी मला 1,760 ला विकली असती तर घेतली असती का? उत्तर नाही आलं. त्यांनी लेखी नकार कळवला. बक्षीस स्वीकारलंच नाही, म्हणून करही नाही.

भावाला मी हाच हिशेब करायला सांगितला. आज तो शेअर रिक्षाने कामावर जातो. स्कूटर त्याला हवीच आहे, आणि 31,200 मध्ये नवी गाडी कोणी देणार नाही. विकली आणि 80 हजार आले, तरी कर वजा जाता 48,800 हातात राहतात. तेव्हा मावशीचं ऐकावं. पण पासिंग आणि विमा कोणाकडे, हे आधी विचारावं आणि ते 30 हजार सावकाराकडून व्याजाने उचलू नयेत. याच जागी दुबईची सहल लागली असती, तर मी नको म्हण असं सांगितलं असतं.

भावाने कूपनचा फोटो पाठवलाय. पुढे पानभर लाल स्कूटर, मागे भिंगाने वाचावं अशा अक्षरात ‘कर विजेत्याकडे’. हे बंद व्हायला हवं. कराची रक्कम बक्षिसाच्या नावाशेजारी तेवढ्याच मोठ्या टायपात छापायची सक्ती करावी, नाहीतर कर दुकानाने भरावा, मग लाखाऐवजी 70 हजारांची गाडी ठेवली तरी चालेल. कर चावीआधी घेण्याची आपली पद्धत अमेरिकेपेक्षा बरी आहे, ती राहू द्या. दर मात्र विजेत्याचं उत्पन्न बघून लावा आणि 12 लाखांचा रिबेट लूमवरच्या माणसाच्या बक्षिसालाही द्या.