उंच रायडर, आखूड सीटपोस्ट आणि एक तारा: दुकानाकडून उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय वाचला. एक तारा दिलात आणि चार तक्रारी मांडल्यात. आम्ही सीट हवी तेवढी वर करून दिली नाही, तुम्ही स्वतः आणलेला लांब सीटपोस्ट (सीटखालची उभी नळी) बसवायला नकार दिला, मग टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा, पोस्ट गळ्यात मारायला पाहिला, आणि शेवटी एका साध्या पाईपसाठी ताटकळत ठेवलं. वर ‘उंच माणसांनी इकडे फिरकू नये’ असा सल्लाही दिलात. उंच मंडळी आमच्याकडे नेहमी येतात. त्यांच्यापैकी कुणी हे वाचेल म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

ही फोल्डिंग सायकल तुम्ही दुसरीकडून घेतलीत. तिच्या खोक्यावर ‘सर्व उंचीच्या व्यक्तींसाठी’ असं छापलं होतं, त्यावर तुम्ही विसंबलात. पण सीट किती वर हवी हे डोक्यापर्यंतच्या उंचीवरून ठरत नाही, पायाच्या आतल्या बाजूच्या मापावरून ठरतं. एकाच उंचीच्या दोघांच्या पायांत चार-पाच सेंटिमीटरचा फरक सहज निघतो. तुमची उंची सहा फूट तीन इंच, आणि भिंतीला पाठ लावून, पुस्तक वर दाबून घेतलेलं पायाचं माप ९२ सेंमी. अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्यामुळे प्रसिद्ध झालेला हिशेब असा, की या मापाला ०.८८३ नं गुणायचं. येईल ते अंतर, क्रँक म्हणजे पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात, त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत ठेवायचं. तुमच्यासाठी ते ८१ सेंमी येतं. हा आकडा काळ्या दगडावरची रेघ नव्हे. क्रँकची लांबी, बुटाचा तळवा, गुडघ्याची सवय यांनी सेंटिमीटरभर इकडेतिकडे होतंच. पण पाच सेंटिमीटर इकडेतिकडे होत नाही, आणि तुमची सीट पोस्टवरच्या ‘निदान इतका भाग आत हवा’ अशा खुणेपर्यंत ओढूनही ७६ सेंमीवरच थांबत होती. गुडघे दुखतात ही तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे.

या पाचातले जवळजवळ दोन सेंटिमीटर तुम्हीच घालवलेत, हे त्या दिवशी सांगितलं होतं, अभिप्रायात ते आलेलं नाही. सायकलीबरोबर जाड, स्प्रिंगची सीट आली होती. ती काढून तुम्ही रेसिंगची सपाट सीट बसवलीत. सीटखालच्या रुळांपासून (ज्या दांड्यांनी ती पोस्टला बसते) माथ्यापर्यंतची उंची प्रत्येक सीटची वेगळी असते. पोस्ट शोधायला निघण्याआधी उंच माणसानं पहिल्यांदा हे बघावं.

आता मुख्य भांडण. तुमचं म्हणणं होतं, ‘खुणेच्या वर चार सेंटिमीटर घ्या, काही होत नाही.’ तुमच्या पोस्टची लांबी ५८० मिमी. ‘किमान खोली’ची खूण खालच्या टोकापासून १०० मिमीवर. म्हणजे खुणेपर्यंत ओढल्यावर ४८० मिमी बाहेर आणि १०० आत. चार सेंटिमीटर आणखी ओढले की ५२० बाहेर आणि आत फक्त ६० उरतात. बाहेरची लांबी वाढली साधारण आठ टक्क्यांनी, हे तुम्हाला किरकोळ वाटलं. खरी गोम आतल्या भागात आहे. तुमच्या वजनानं पोस्ट मागे वाकू पाहतो. त्याला फ्रेम दोन ठिकाणी अडवते: क्लॅम्पपाशी (पोस्ट आवळून धरणाऱ्या पट्ट्यापाशी), आणि आत पोस्टच्या खालच्या टोकापाशी. ही दोन ठिकाणं जितकी जवळ येतील तितका प्रत्येकावरचा दाब वाढतो. १०० चे ६० झाले की ढोबळ हिशेबानं तो दाब सुमारे १.८ पट होतो. आणि हे गुळगुळीत रस्त्यावर, स्वस्थ बसलेल्या माणसाचं. खड्ड्यात चाक आदळलं की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

ही खूण म्हणजे कंपनीनं हात वर करण्यासाठी मारलेली रेघ, असं तुम्ही लिहिलंत. अमेरिकेच्या सायकल सुरक्षा नियमांत ती खालच्या टोकापासून पोस्टच्या व्यासाच्या निदान दुपटीइतक्या अंतरावर असावी असं बंधन आहे. तुमच्या ३३.९ मिमीच्या पोस्टला ते अंतर जवळपास ६८ मिमी येतं. तुमच्या कंपनीनं १०० ठेवलंय, कारण फोल्डिंग सायकलीत पोस्टचा फार मोठा भाग उघडा राहतो. तुम्ही मागत होतात ६०, म्हणजे त्या किमान आकड्याच्याही खाली.

शिवाय पोस्टवरची खूण फक्त पोस्टपुरती बोलते, फ्रेमचं म्हणणं वेगळं असतं. तुमच्या सायकलीत सीटची नळी मुख्य बीमच्या (फ्रेमच्या जाड आडव्या नळीच्या) बरीच वर आलेली आहे. पोस्टचं खालचं टोक बीमच्या जोडाच्या खाली गेलंच पाहिजे, नाहीतर सगळा ताण त्या वरच्या मोकळ्या तुकड्यावर येतो. त्यालाच क्लॅम्पसाठी उभी चीर दिलेली असते, म्हणजे तो आधीच कमजोर. तिथं तडा गेला तर पोस्ट बदलून भागत नाही, फ्रेम जाते. मी तुमच्यासमोर पट्टी लावून दाखवलं होतं की ६० मिमी ठेवल्यास टोक जोडापर्यंत पोचतच नाही.

‘दुसऱ्या मेकॅनिकनं लगेच करून दिलं, आठवडाभर चालवतोय, काही झालं नाही,’ असं तुम्ही लिहिलंय. होणारही नाही लगेच. ॲल्युमिनियमला पोलादासारखी अशी सुरक्षित मर्यादा नसते, की तिच्या आतले धक्के कितीही खाल्ले तरी चालेल. प्रत्येक धक्का जमा होत राहतो. क्लॅम्पच्या काठावर एखादा ओरखडा असतो, तिथून बारीक चीर सुरू होते आणि एके दिवशी पोस्ट तुटतो. तो मोडतो तेव्हा वर माणूस बसलेला असतो. कृपा करून आज सीट काढून क्लॅम्पच्या जागी बोट फिरवून बघा. आडवी रेघ लागली तर ती सायकल चालवू नका. तुम्ही आम्हाला घाबरट म्हणालात. या एका बाबतीत ते बिरुद आनंदानं घेतो.

तुम्ही आणलेल्या पोस्टबद्दल. मित्राच्या ब्रॉम्प्टन कंपनीच्या फोल्डिंग सायकलीला लांब पोस्ट सहज मिळाला, मग मला का नाही, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. ब्रॉम्प्टनचा नेहमीचा पोस्ट ५२० मिमीचा, त्याहून ६० मिमी लांब असा दुसरा, आणि त्याहून उंच माणसांसाठी टेलिस्कोपिक, असे तिन्ही पर्याय कंपनीच देते. फ्रेमही तिची आणि पोस्टही तिचा. पण त्याचा व्यास ३१.८ मिमी. डाहोन, टर्न आणि त्यांच्या धर्तीच्या बऱ्याच सायकलींना ३३.९ लागतो, तुमचीही त्यातलीच. तुम्ही ऑनलाइन मागवलेला पोस्ट ३१.८ चा, ६०० मिमी लांब. म्हणजे व्यास कमी, आणि लांबी मूळच्यापेक्षा फक्त दोन सेंटिमीटर जास्त. एवढ्यानं तुमचं काम होतच नव्हतं. उरलेले तीन सेंटिमीटर पुन्हा खुणेच्या वरूनच काढावे लागले असते.

मधली फट भरायला तुम्ही शीतपेयाच्या कॅनची कापलेली पट्टी आणली होतीत. कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो, तुमची फट प्रत्येक बाजूला मिलिमीटरहून थोडी जास्त. दहा वेढे घालायचे आणि त्यावर ९० किलोंचा माणूस बसवायचा? शिम (फट भरणारी पातळ नळी) वापरू नये असं मी म्हणत नाही. नीट कातलेली, एका तुकड्याची, वर कॉलर असलेली आणि पोस्ट जितका आत जातो तितकी लांब शिम चालते. तोंडापाशी दोन सेंटिमीटरची पट्टी कोंबली तर क्लॅम्प घट्ट वाटतो, पण खालचं टोक आत हलत राहतं.

टेलिस्कोपिक पोस्ट दाखवला, कारण तुमची पहिली अट होती की घडी लहानच राहिली पाहिजे, गाडीच्या डिकीत मावली पाहिजे. एकसंध लांब पोस्ट खाली ढकलला की त्याचं टोक जमिनीला टेकतं, आणि पोस्ट जितका लांब तितकी सीट घडीतही वरच राहते. ६५० मिमीचा घेतलात तर घडी सात सेंटिमीटरनं उंच होईल. दोन नळ्यांचा पोस्ट ही अडचण सोडवतो. बदल्यात वजन वाढतं, दोन क्लॅम्प रोज घट्ट करावे लागतात आणि काही दिवसांनी जोडात किंचित खेळ येतो. मला स्वतःला तो फारसा आवडत नाही, हेही तुम्हाला म्हणालो होतो. गळ्यात मारणारा माणूस असं म्हणेल का, ते तुम्हीच ठरवा.

शेवटी तुम्ही आमच्याकडे ६५० मिमीचा एकसंध पोस्ट मागवलात. त्याची वाट बघावी लागली, कारण ३३.९ व्यासाचा इतका लांब पोस्ट आम्ही फळीवर ठेवत नाही, मागणी आल्यावर मागवतो. हे ऑर्डर घेतानाच सांगितलं होतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नव्हतीत, पण लांब पोस्ट लावणाऱ्या प्रत्येकाला ती लागते. सीटची नळी तिरकी असल्यामुळे सीट वर जाते तशी मागेही जाते. साधारण ७२ अंशांच्या कोनाला पाच सेंटिमीटर वर म्हणजे दीड सेंटिमीटर मागे. हँडल लांब पडतं, वजन मागच्या चाकावर जातं आणि चढावर पुढचं चाक हलकं वाटतं. रुळांवर सीट थोडी पुढे सरकवायची. स्टेमची (हँडल धरणाऱ्या दांड्याची) उंची बदलता येत असेल तर तीही वाढवायची. आणि अशा पोस्टला ग्रीस लावू नका. कोरडा, पुसलेला पोस्ट क्लॅम्पमध्ये धरून राहतो, ग्रीस लावलेला हळूहळू खाली बसतो आणि मग लोक क्लॅम्प आवळत सुटतात.

तुमचा ६५० मिमीचा पोस्ट आलेला आहे. तुमच्या मापाला १०० मिमी आत ठेवून ६३० पुरतो, म्हणजे दोन सेंटिमीटर हाताशी राहतात. बसवायला वेळ लागणार नाही, पण आधी फ्रेमच्या आतला प्लॅस्टिकचा बुश (पोस्टभोवतीचं अस्तर) तपासावा लागेल. खुणेच्या वर चालवल्यामुळे तो एका बाजूनं दबला असण्याची शक्यता आहे, आणि दबला असेल तर नवीन पोस्टही डुलेल. पोस्ट नको असेल तर तसं कळवा, आगाऊ रक्कम परत करतो. हवा असेल तर येताना ती जुनी जाड सीटही आणा, दोन्ही लावून बघू.