‘हात धरून मध्ये उभे राहा’ हा सल्ला जीव घेईल

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर ताईने एक मेसेज टाकला. मथळा असा : ‘दरीत मुक्कामी ट्रेकला जाताय? ही सूत्रं पाळा, केसालाही धक्का लागणार नाही.’ खाली ‘एका जुन्या जाणत्या ट्रेकरकडून’ एवढंच. नाव नाही, गाव नाही, कुठल्या दरीबद्दल बोलतोय तेही नाही. आणि ताईची पुरवणी : ‘बाळाला पाठवलाय. आता माझी काळजी मिटली.’

बाळ म्हणजे माझा भाचा. तो आणि त्याच्या हिंजवडीच्या ऑफिसातली मुलं मिळून चाळीस जण ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी सांदण दरीत उतरणार, खाली मुक्काम करणार आणि दुसऱ्या दिवशी करोली घाटाने वर येणार, असा बेत आहे. दोन दिवसांत तोच मेसेज मला कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर दिसला, मग योगवर्गाच्या ग्रुपवर. ताईची काळजी मिटली असेल, माझी सुरू झाली. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी सांदण कशी आहे ते सांगते, कारण मेसेज लिहिणाऱ्याने अशी जागा पाहिली असेल असं मला वाटत नाही. अकोले तालुक्यातल्या साम्रद गावापाशी जमिनीला पडलेली ही एक अरुंद भेग. दोन्ही बाजूंना काही शे फुटांचे सरळ कातळ, तळाला घरांएवढे दगड आणि मध्ये थंडगार पाण्याचे डोह. पुढे साधारण पंचेचाळीस फुटांचा कडा दोराने उतरावा लागतो. तो उतरून दोर काढून घेतला की मागे फिरता येत नाही. पुढे कोकणाच्या बाजूला उतरत जायचं, नाहीतर करोली घाट चढायचा. बराच पट्टा असा आहे की पाणी आलं तर बाजूला चढून जायला जागाच नाही.

आता सूत्रं.

‘डोक्यावर आकाश निरभ्र असेल तर बिनधास्त उतरा.’

दरीत येणारं पाणी तुमच्या डोक्यावरच्या आकाशातून येत नाही. ते वरच्या पठारावरून येतं. तिथे काय चाललंय हे तळाशी उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही, त्याला फक्त आकाशाची एक पट्टी दिसते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनामध्ये अँटिलोप कॅन्यन नावाच्या अशाच अरुंद घळीत अकरा पर्यटक बुडून गेले. घळीच्या तोंडाशी पाऊस असा जवळजवळ नव्हताच. तो पडला होता काही मैल वर, आणि त्याचा लोंढा घळीतून भिंतीसारखा आला. आत असलेल्यांपैकी त्यांचा गाइड तेवढा वाचला. ‘ते वाळवंट आहे, आपलं वेगळं’ असं कोणी म्हणेल. वेगळं आहे, पण घाटमाथ्याचा उघडा काळा कातळही पाणी मुरू देत नाही. ताटात ओतलेलं पाणी काठाकडे धावतं, तसं ते ओढ्याकडे धावतं.

इथलं उदाहरण हवं असेल तर २५ जुलै २०२४ आठवा, सिंहगड रस्त्यावर घरांत पाणी शिरलं तो दिवस. त्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत शिवाजीनगरला ११४ मिलिमीटर पाऊस झाला आणि ताम्हिणीत ५५६. पुण्यातल्या गॅलरीतून आभाळ बघून घाटाचा अंदाज बांधणाऱ्यांनी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

शिवाय या मुलांनी निवडलेला महिना ऑक्टोबर आहे. परतीचा पाऊस कसा वागतो हे आपल्याला ठाऊक आहे. सकाळी लख्ख ऊन, दुपारी उकाडा, चारच्या सुमारास ढग चढतात आणि तासाभरात धो धो. सकाळी सातला आकाश बघून उतरलेला ग्रुप चार वाजता नेमका दरीच्या पोटात असणार. पाऊस नसतानाही पाणी वाढू शकतं, हेही मेसेजमध्ये कुठे नाही. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग चालतं ते भिऱ्याच्या वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यावर. वर धरण किंवा वीजघर असलेल्या नदीच्या पात्रात उतरण्याआधी पाणी कधी सुटतं ते विचारावंच लागतं.

‘पाणी वाढू लागलं तर घाबरू नका. मधल्या मोठ्या दगडावर या, सगळ्यांनी हात घट्ट धरून साखळी करा, शक्य असल्यास एकच दोर सगळ्यांच्या कमरेला बांधा. एकीचे बळ!’

हे वाचून माझे हात थरथरले. ३० जून २०२४, रविवार. लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात आपल्या हडपसर भागातलं एक कुटुंब अडकलं. तो व्हिडिओ बहुतेकांनी पाहिलाय. प्रवाहाच्या मधोमध एका दगडावर सगळे एकमेकांना बिलगून उभे होते. पाणी वाढत गेलं आणि सगळे एकदम वाहून गेले. पाच जीव गेले, त्यांतली चार मुलं. त्या कुटुंबाला मी तसूभरही दोष देत नाही, त्या क्षणी कोणीही मुलांना जवळच घेईल. पण ते दृश्य देशभर बघितल्यावर कोणीतरी बसून तेच ‘सूत्र’ म्हणून लिहितं आणि आपण ते पुढे पाठवतो, याचा मला संताप येतो.

हे का चालत नाही ते नीट समजून घ्या. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा सांगते की वेगाने वाहणारं सहा इंच पाणीसुद्धा मोठ्या माणसाला पाडू शकतं. सहा इंच म्हणजे घोट्याच्या थोडं वर. प्रवाहाला आडवी साखळी केली की सगळ्यांच्या पायांवर एकाच वेळी दाब येतो. एक जण घसरला की त्याचं वजन आणि त्याला ढकलणारं पाणी, दोन्ही शेजारच्याच्या हातावर येतं. तो गेला की त्याच्या पुढचा. आणि मधला दगड ही तर सगळ्यात वाईट जागा. दोन्ही बाजूंनी पाणी, वर चढायला काही नाही आणि बघता बघता काठ लांब जातो.

दोराचं तर बोलायलाच नको. वाहत्या पाण्यात कमरेला पक्का बांधलेला माणूस पडला की दोर ताणला जातो आणि प्रवाह त्याला पाण्याखाली दाबून धरतो. सुटा असता तर वाहत जाऊन कुठेतरी काठाला लागण्याची आशा होती, बांधल्यावर तीही गेली. ज्यांना पाण्यातल्या बचावाचं शिक्षण आहे ते दोर वेगळ्या पद्धतीने वापरतात आणि तो एका झटक्यात सुटेल अशी सोय ठेवतात. फॉरवर्ड वाचून दोर बांधणाऱ्याला यातलं काही माहीत नसतं.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. एकमेकांच्या आधाराने ओढा ओलांडायची रीत खरोखर आहे. न्यूझीलंडमध्ये डोंगरात जाणाऱ्यांना ती शिकवतात. पण त्यात रांग प्रवाहाला आडवी नसते, समांतर असते. सगळ्यात दणकट माणूस वरच्या अंगाला, म्हणजे तो पाणी फोडतो आणि बाकीचे त्याच्या आडोशाने सरकतात. एकमेकांच्या पाठीमागून हात घालून सॅकचे पट्टे धरतात. आणि हे सगळं, पाणी ओलांडण्याजोगं आहे असं काठावर उभं राहून ठरल्यावरच. वाढत्या पाण्यात थांबून राहण्यासाठी ही रीत नाही.

मग करायचं काय? स्वच्छ पाणी गढूळ व्हायला लागलं, पालापाचोळा, काटक्या वाहून येऊ लागल्या, वरून घरघर ऐकू आली, की त्याच क्षणी जवळच्या बाजूने वर चढायचं. सॅक राहिली तर राहू दे. दरीतून खाली पळायचं नाही, पाणी तुमच्यापेक्षा वेगात येतं. ओढा भरून वाहत असेल तर काठावर बसून राहायचं. सह्याद्रीतल्या छोट्या ओढ्यांचं पाणी जसं चढतं तसं पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतं. रात्र काढावी लागली तर काढायची, सोमवारची मीटिंग बुडली तर बुडू दे. आणि पाण्यात पडलातच तर सॅकचे पट्टे सोडायचे, पाठीवर व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवायचे आणि वेगवान पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. दगडांच्या फटीत पाय अडकला तर तेच पाणी डोकं खाली दाबतं.

‘वाट चुकलात तर ओढ्याच्या प्रवाहाबरोबर खाली चालत राहा, गाव सापडतंच.’

देशावर हे काही प्रमाणात खरं आहे. मावळात किंवा मुळशीच्या पूर्वेला ओढ्याकाठाने गेलात तर वस्ती लागेल, हे मी नाकारत नाही. पण घाटमाथ्याच्या कोकणाकडच्या अंगाला तोच ओढा शेपाचशे पावलांवर कड्यावरून खाली उडी घेतो. ताम्हिणी घाटातल्या प्लस व्हॅली या दरीतून उतरत गेलेलं पाणी देवकुंड धबधब्याला कसं पडतं ते पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. चुकलेली माणसं ओढ्याच्या नादाने उतरतात, ओल्या कातळावरून एखादा टप्पा घसरत खाली जातात, मग पुढे धबधबा आणि मागे चढता न येणारा कातळ. बचाव पथकांना रात्री दोर टाकून काढावी लागतात ती बऱ्याचदा अशाच जागी अडकलेली माणसं. वाट चुकली तर जिथे वाट नक्की होती तिथवर मागे जा. ते जमत नसेल तर उघड्यावर एका जागी थांबा आणि शिट्ट्या वाजवा.

‘ग्रुप जितका मोठा तितका सुरक्षित.’ चाळीस माणसं, एक दोर, प्रत्येकाला बांधून उतरवून सोडवायला सहा मिनिटं धरा. चार तास झाले. पहिला उतरला तेव्हा बारा वाजले असतील तर शेवटचा चार वाजता उतरेल, आणि दरीत अंधार बाहेरच्यापेक्षा बराच आधी पडतो. दोन दोर लावले तर दोन जाणते हवेत. दहा-बारांच्या वर माणसं असतील तर दोन तुकड्या करा, वेगवेगळ्या दिवशी जा.

‘पात्रातली सपाट वाळू तंबूसाठी उत्तम.’ ती वाळू पुरानेच तिथे आणून टाकलेली असते. झुडपांत अडकलेला वाळका कचरा किती उंचीवर आहे ते बघा, तंबू त्याच्या बराच वर लावा.

‘वाहतं पाणी शुद्धच असतं.’ वर गुरं चरतात, माणसं जातात. उकळा किंवा क्लोरीनच्या गोळ्या टाका.

‘साप चावल्यास चिरा द्या, वर घट्ट आवळा.’ हे अजून कोणी लिहितं याचंच आश्चर्य वाटतं. चिरा नाही, चोखणं नाही, आवळणं नाही. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर आवळून त्या अवयवाचं जास्तच नुकसान होतं. हात-पाय हलू न देता आधार द्या, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा आणि प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात न्या. तसा दवाखाना कुठला, हे पुण्यातून निघण्याआधी विचारून ठेवा.

‘ऑफलाइन नकाशा असला की वाटाड्या नको.’ अर्धं खरं. नेटवर्क नसलं तरी फोनला उपग्रहांवरून जागा कळते आणि पठारावर मीही ते वापरते. पण दोन उंच कातळांमध्ये आभाळच झाकलेलं असतं, तिथे नकाशावरचा ठिपका इकडून तिकडे उड्या मारतो. शिवाय परवाच्या पावसात कुठला दगड सरकला आणि कुठला डोह छातीएवढा झाला, ते साम्रदच्या माणसालाच माहीत असतं. त्याची मजुरी वाचवू नका.

मेसेजच्या शेवटी सांदण ही ‘आशियातली दुसऱ्या क्रमांकाची खोल दरी’ असल्याचंही आहे. तिबेटमधली यारलुंग त्सांगपो, नेपाळमधली काली गंडकी या दऱ्या हजारो मीटर खोल आहेत. सांदण सुंदर आहे, तिला असल्या खोट्या बिरुदाची गरज नाही.

भाच्याशी काल तासभर बोलले. त्याला ऑक्टोबर सोडवत नव्हता, कारण जोडून सुटी होती. शेवटी डिसेंबरवर आला. मी त्याला जे मागितलं तेच प्रत्येक ग्रुपकडे मागेन. आदल्या दिवशी साम्रदला फोन करून पाणी किती आहे ते विचारायचं. हवामान खात्याचा इशारा अहिल्यानगर आणि ठाणे दोन्ही जिल्ह्यांचा बघायचा, कारण वाट एकीकडून सुरू होते आणि पाणी दुसरीकडे उतरतं. ‘परत फिरू’ म्हणण्याचा अधिकार एकाच माणसाला द्यायचा आणि त्याच्याशी वाद घालायचा नाही. तो निर्णय दोराच्या कड्याआधी घ्यायचा, त्यानंतर त्याचा उपयोग नसतो. शेवटचा माणूस अमुक वाजेपर्यंत कड्यापाशी पोहोचला नाही तर सगळ्यांनी मागे यायचं. आणि घरी एक कागद ठेवायचा : सगळ्यांची नावं, रक्तगट, उतरायची वाट, चढायची वाट, गावातल्या वाटाड्याचा नंबर, आणि रविवारी किती वाजेपर्यंत फोन यायला हवा ती वेळ. ती टळली की घरच्यांनी आधी वाटाड्याला फोन करायचा. त्याच्याकडेही खबर नसेल तर ‘अजून अर्धा तास बघू’ न म्हणता ११२ लावायचा.